मासे आणण्याआधीचा महिना

नव्या टाकीतले मासे गेले की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काल रात्रीपर्यंत ठणठणीत होते हो, सकाळी बघतो तर पाण्यावर उलटे." मग थोडं थांबून, "आणि पाणी तर इतकं नितळ आहे की विचारू नका." मासे पाळण्याच्या नादात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीतल्या नव्या टाक्यांची अशी वार्ता माझ्यापर्यंत येतेच. मी आधी माशांबद्दल विचारत नाही. टाकीत पाणी कधी भरलं ते विचारतो. "झाले आठ-दहा दिवस" असं उत्तर आलं की पोटात कालवतं, कारण पुढची बरीचशी गोष्ट त्यातच कळलेली असते.

मग विचारतो, मासा गेला केव्हा? पाणी बदलल्यावर तासाभरात गेला असेल तर क्लोरीन किंवा तापमानाचा धक्का, हे आधी तपासायचं. पहाटे गेला असेल आणि आदल्या रात्री तो वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता असं कुणाला आठवत असेल, तर प्राणवायू कमी पडला असण्याची शक्यता मोठी. घरी आणल्यावर पहिल्या दहा-बारा दिवसांत एकेक करत गेले असतील तर अमोनिया. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग रांग लागली, तर नायट्राइट, म्हणजे अमोनियापासून पुढे बनणारं दुसरं विष. अपवाद असतात, आजारी मासाच घरी आलेला असू शकतो. पण बहुतेक वेळा धागा इथेच कुठेतरी सापडतो.

आणि धागा सापडतो याचाच अर्थ ही मरणं टाळता येतात. "पहिले काही मासे जातातच, मग टाकी सेट होते," हे मी मासे पाळणाऱ्यांकडून ऐकलंय, विकणाऱ्यांकडूनही ऐकलंय, आणि दर वेळी तितकीच चीड आली आहे. टाकी सेट होते ती त्या काळात तिच्यात जिवाणू वाढतात म्हणून. मासे मेल्याने तिचं काही भलं होत नाही. जिवाणू वाढायला जो वेळ लागतो तो आपण आधी द्यायचा की माशांच्या जिवावर काढायचा, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर द्यायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

हे जिवाणू काय करतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा हे समजलं की बाकीचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात.

मासा खातो, अन्नातली प्रथिनं मोडतात आणि उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात शरीराबाहेर पडतो. आपल्याला वाटतं, घाण म्हणजे तळाशी साचलेली विष्ठा. पण अमोनियाचा मोठा भाग कल्ल्यांतून थेट पाण्यात सुटतो, दिवसरात्र. खाऊन उरलेले दाणे आणि सडलेली पानं त्यात भर घालतात ती वेगळीच. नदीत किंवा तळ्यात हे सगळं प्रचंड पाण्यात विरून जातं. टाकीत ते जाणार कुठे? दारंखिडक्या लावून आत शेगडी पेटवावी, तसा मासा स्वतःच्याच श्वासात कोंडला जातो. आणि विरघळलेल्या अमोनियाला रंग नसतो. मासे मारण्याइतका असला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. पाणी नितळ दिसतं, दिसतच राहतं.

यात आणखी एक खोच आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो माशाला तुलनेने फारसा बाधत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांमधून सहज आत शिरतो आणि विषारी ठरतो. दोघांचं प्रमाण पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे यावर, आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला, पीएच ७ असताना, एकूण अमोनियातला मुक्त भाग अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणून एकाच चाचणीत सारखाच आकडा दाखवणाऱ्या दोन टाक्यांपैकी एकीतले मासे जरा मलूल दिसतात आणि दुसरीतले मरतात. "माझ्या मित्राने तर पहिल्याच दिवशी मासे सोडले, त्याचे कसे जगले?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. त्याच्या पाण्याचा पीएच कमी असेल, टाकी मोठी असेल, मासे मोजके असतील, झाडं भरपूर असतील. मित्राच्या नशिबावर आपली टाकी लावू नये.

मुक्त अमोनिया कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना इजा करतो. ते लालसर, सुजल्यासारखे दिसू लागतात. मासा पर अंगाशी मिटून घेतो, खाणं सोडतो, कोपऱ्यात नाहीतर फिल्टरच्या धारेपाशी जाऊन थांबतो. बाहेरच्या पाण्यातच अमोनिया जास्त झाला की त्याच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडेनासा होतो आणि शेवटी मज्जासंस्थेवर आघात होतो. हे सगळं व्हायला अनेक तास, कधी काही दिवस लागतात. कुत्रं असतं तर कण्हलं असतं, मांजर असतं तर लपून बसलं असतं आणि आपण शोधायला निघालो असतो. मासा आवाज करत नाही, आणि त्याच्या मिटलेल्या परांकडे बघायचं असतं हे नव्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं.

आता जिवाणू. अमोनियावर जगणारे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना बऱ्याच प्रमाणात सोसतं. असे जीव खरोखर असतात आणि याच कामातून ऊर्जा मिळवतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास त्यांना मातीतून वेगळं काढून दाखवलं. टाकीत नेमके कोण असतात यावर मात्र पुढे शंभर वर्षं चुकीची समजूत चालली. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो, असं सगळीकडे छापलेलं असायचं. १९९८ मध्ये संशोधक टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या यंत्रणेला जोडलेल्या फिल्टरमध्येच मिळाले. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपण जो स्पंज हातात धरून पिळतो, त्याच्यासारख्या ठिकाणी अगदी परवापरवापर्यंत माहीत नसलेलं काहीतरी मुकाट्याने चाललेलं होतं.

पण हे जिवाणू फार सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला पंधरा तास, दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. शिवाय ते पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागांना चिकटून राहतात. फिल्टरचा स्पंज, तळाची खडी, झाडांची पानं, काच, ही त्यांची घरं. म्हणून कुणाच्या जुन्या टाकीतून बादलीभर पाणी आणून ओतलं की काम झालं, ही समजूत खोटी आहे. पाण्यात ते नसल्यातच जमा. खरी मदत होते ती जुन्या, निरोगी टाकीतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवला तर. तेवढ्याने महिन्याचं काम कधी आठवड्या-दीड आठवड्यावर येतं. बाटलीबंद जिवाणूही मिळतात. काही चांगले असतात, काही बाटलीतच मेलेले असतात. घालायचे तर घालावेत, पण बाटली ओतली म्हणजे चाचणीतून सुटका झाली असं धरू नये.

दोन टोळ्या एकाच वेळी वाढत नाहीत, तिथेच दुसरा घात होतो. आधी अमोनिया चढतो. अमोनिया खाणारे वाढले की तो उतरू लागतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो, तोवर नायट्राइट चढायला लागलेलं असतं. नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनचं असं रूपांतर करतं की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त तपकिरी पडतं, कल्लेही तपकिरी दिसतात. पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि मासा तरी गुदमरत असतो. एअर पंप सुरू आहे, बुडबुडे येतायत, तरी मासे पृष्ठभागाशी धापा टाकतायत, असं कुणी सांगितलं की माझ्या मनात हेच पहिलं येतं. इथे साधं मीठ खरोखर उपयोगी पडतं. मिठातलं क्लोराइड आणि पाण्यातलं नायट्राइट कल्ल्यांवर एकाच वाटेने आत शिरायला बघतात, क्लोराइड जास्त असलं की नायट्राइटची वाट अडते. लिटरमागे अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, थोडं थोडं करत घातलेलं, वेळ मिळवून देतं. सगळ्या समस्यांवर मीठ हा उपाय मात्र नव्हे. काही झाडांना आणि काही माशांना ते मानवत नाही.

सगळं धरून साधारण चार ते सहा आठवडे. थंड पाण्यात जास्त, पीएच फार खाली गेला तरी जास्त. हा काळ रिकाम्या टाकीसमोर काढायचा असतो आणि तोच कुणाला काढवत नाही. मुलं विचारत असतात, पाहुणे विचारत असतात, दिवा लागलेला असतो आणि आत फक्त खडी आणि दोन झाडं. मी ती अधीरता समजू शकतो. पण टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी "कणखर" मासे सोडून त्यांच्यावर टाकी तयार करायची जी जुनी पद्धत आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. कणखर मासा म्हणजे मरायला जास्त वेळ घेणारा मासा. तो जगला तरी कल्ले भाजलेल्या अवस्थेत जगतो आणि पुढे कुठल्याही आजाराला आधी बळी पडतो. २००३ मध्ये संशोधक लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर इजेची जाणीव पोचवणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. त्या इजेचा माशाला अनुभव कसा येतो यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. मला ती शक्यताच पुरेशी आहे, कारण दुसरा सोपा मार्ग उपलब्ध आहे.

तो मार्ग असा. टाकी भरायची, फिल्टर आणि लागेल तर हीटर चालू करायचा, पाण्यातला क्लोरीन घालवायचा, आणि जिवाणूंना खायला म्हणून अमोनिया आपणच द्यायचा. सुगंध, साबण काहीही न मिसळलेला शुद्ध अमोनिया किंवा अमोनियम क्लोराइड वापरता येतं, मोजून घालायचं, लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास. ते नसेल तर रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकीत टाकायची आणि ती सडू द्यायची. सावकाश होतं, जरा घाणेरडं दिसतं, पण होतं.

चाचणीसाठी थेंबांचा संच घ्यावा. कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा कमी आहे, आणि काहींत अमोनियाची चाचणीच नसते. काचेच्या बारीक नळीत खुणेपर्यंत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटली सरळ उभी धरून थेंब मोजून टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं ठेवून द्यायचं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. असेल तर त्या पिवळ्यात हिरवट छटा उतरते, जास्त असेल तर चक्क हिरवं होतं. नळी पांढऱ्या कागदावर धरून दिवसाउजेडी बघावी, दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात फसायला होतं. पहिले काही दिवस रंग गडद होत जातो. मग एका दिवशी तो फिका दिसतो आणि आपल्याला वाटतं नळी नीट धुतली नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी फिका. तोवर नायट्राइटच्या नळीत गुलाबी-जांभळा रंग चढलेला असतो, तो मात्र हटता हटत नाही. याच टप्प्यावर माणसं कंटाळतात. आणि मग कधीतरी तोही उतरतो. ठरावीक अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोन-तीनदा आलं की टाकी तयार. त्या काळात साचलेलं नायट्रेट घालवायला पाणी मोठ्या प्रमाणात बदलायचं. पहिल्यांदा दोन्ही नळ्या शून्य दाखवतात तो आनंद मासे बघण्याच्या आनंदापेक्षा कमी नसतो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

या काळात पाणी मध्येच दुधट होतं. ते वेगळ्याच जिवाणूंच्या झटपट वाढीमुळे असतं आणि काही दिवसांत आपलं आपण निवळतं. घाबरून टाकी उपसली, खडी घासली, स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, की रोगापेक्षा इलाज भयंकर होतो. स्पंज कधीच नळाच्या पाण्यात धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळला की पुरे. तो गोरापान दिसायला हवा हा हट्ट सोडून द्यावा. टाकी जुनी झाली तरी हे लागू राहतं, कारण एका दिवसाच्या अतिस्वच्छतेने ती पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

झाडं मात्र पहिल्या दिवसापासून लावावीत. १८४९ मध्ये लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिली. झाडाची जुनी पानं सडून पाणी बिघडू लागलं, तेव्हा त्यांनी सडकं खाणाऱ्या गोगलगायी त्यात सोडल्या आणि भांडं सावरलं. पुढच्या वर्षी त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. जिवाणूंचं काम त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं, त्यांचं लक्ष झाडातून मिळणाऱ्या प्राणवायूकडे होतं. पण जे सडतं तेच बिघडवतं, हे त्यांना दिसलं होतं. भराभर वाढणारी झाडं अमोनियम थेट शोषून घेतात, हा आणखी एक आधार. फक्त एक लक्षात ठेवायचं, की दिवा बंद झाल्यावर झाडंही प्राणवायू घेतात. झाडांनी गच्च आणि माशांनी भरलेल्या टाकीत पहाट हा सगळ्यात कठीण वेळ असतो. त्यातून पाणी गरम असेल तर आणखीच, कारण २० अंशाला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि ३० अंशाला साडेसातच. पाण्याचा वरचा थर हलता ठेवणं हा त्यावरचा उपाय. बुडबुडे उपयोगी पडतात ते मुख्यतः पृष्ठभाग ढवळतात म्हणून. रात्री आवाज होतो म्हणून पंप बंद करून झोपणं, हे मी हात जोडून सांगतो, करू नये. फिल्टर तर कधीच बंद ठेवू नये. पाणी वाहायचं थांबलं की स्पंजातल्या जिवाणूंनाही प्राणवायू मिळेनासा होतो.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो, आणि तो माशांचे कल्ले आणि आपले जिवाणू असा भेद करत नाही. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवलं, त्यात हवा सोडली, तर क्लोरीन उडून जातो. पण अनेक ठिकाणी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरतात, आणि ते असं उडत नाही. त्यामुळे पाण्यात औषध घालणंच बरं. सोडियम थायोसल्फेट क्लोरीन निकामी करतं. क्लोरामाइन फुटल्यावर मात्र मागे अमोनिया उरतो, तेव्हा तोही बांधून ठेवणारं औषध निवडावं. नव्या पाण्याचं तापमान हाताने बघू नये, तापमापी वापरावी.

मासे पिशवीतून घरी येतात तेव्हाची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बंद पिशवीत मासा कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो. अमोनियाही साचत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच वर सरकतो आणि साचलेला अमोनिया विषारी व्हायला लागतो. लांबच्या प्रवासातून आलेल्या माशांच्या पिशवीत तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं म्हणूनच त्यांच्या मुळावर येतं. अशी पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, तापमान जुळलं की उघडून, जाळीने मासे उचलून लगेच टाकीत सोडावेत. अर्ध्या-पाऊण तासात घरी आलेल्या माशांना टाकीचं थोडं थोडं पाणी पिशवीत घालत सवय करायला हरकत नाही. पिशवीतलं पाणी मात्र कुठल्याही परिस्थितीत टाकीत ओतू नये.

खाद्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. मासे काचेपाशी येऊन वळवळतात, आपल्याला वाटतं भुकेले आहेत. ते आपल्याला ओळखायला शिकलेले असतात एवढंच. ते आपल्यासारखं शरीर गरम ठेवत नाहीत, त्यांना लागतं फार थोडं. नव्या टाकीत दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. जास्तीच्या खाद्याने बिघडलेल्या टाक्या मी खूप पाहिल्या, कमी खाद्याने मेलेला मासा क्वचितच.

घरातल्या फवाऱ्यांचा विचार कुणी करत नाही. डास-झुरळांसाठीच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड असतात, आणि ती माशांना अत्यंत विषारी आहेत. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, फवाऱ्यातलं औषधही त्याबरोबर जातं. फवारायचंच असेल तर दुसऱ्या खोलीत. टाकी पुसायला काच साफ करायचं द्रावण नको, साबण तर नकोच, आणि हात घालण्याआधी त्याला क्रीम लागलेलं नाही ना ते बघावं.

हे सगळं वाचूनही कुणाच्या टाकीत मासे आजच धापा टाकत असतील, तर आधी खाद्य बंद करा. पाण्याचा पृष्ठभाग जोरात हलेल अशी सोय करा. क्लोरीन काढलेलं, तापमान जुळवलेलं पाणी घेऊन निम्मी टाकी बदला, आणि मग चाचणी करा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल तर रोज चाचणी आणि रोज थोडं पाणी, आकडा खाली राहीपर्यंत, मग त्याला तीन आठवडे लागोत. मेलेला मासा दिसताक्षणी काढा, तो सडला की उरलेल्यांवर भार वाढतो. मेलेल्याच्या जागी नवा मासा आणू नका. आणि नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय औषधांच्या बाटल्या रिकाम्या करू नका, काही औषधं उरल्यासुरल्या जिवाणूंनाही मारतात.

टाकी लहान असली की हे सारं जास्त वेगाने घडतं. सुरुवात छोट्या भांड्याने करावी म्हणजे सोपं जाईल, असं नव्या माणसाला वाटतं, आणि गोल वाडग्यातला गोल्डफिश तर किती जणांच्या डोळ्यांसमोर असतो. गोल्डफिश भरपूर खाणारा, भरपूर अमोनिया सोडणारा आणि वितभर वाढणारा मासा आहे. वाडग्यात त्याचं जगणं शक्य नसतं, तिथे त्याचं मरण फक्त लांबतं. शंभर लिटरच्या टाकीत एखाद्या दिवशी थोडं जास्त खाद्य पडलं तर टाकी सोसून नेते. वीस लिटरला ते झेपत नाही.

दोन्ही नळ्या शून्य आल्या, पाणी बदललं, आता आणायचे. सगळे एकदम आणू नयेत. जितक्या अमोनियाची जिवाणूंना सवय लागली आहे तितकेच ते पचवतात, त्यामुळे आधी मोजके, टाकीच्या मानाने लहान आणि कळपाने राहणारे असतील तर पाच-सहा. पुढचे दोन-तीन आठवड्यांनी. दुकानात ज्या टाकीत एक जरी मेलेला किंवा अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा दिसेल, त्या टाकीतला दुसराही घेऊ नये, तो कितीही देखणा असला तरी. जमल्यास पुढच्या खेपेचे मासे दोनेक आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावेत, म्हणजे आधीच्यांना लागण होत नाही. घरी आणल्यावर दिवा बंद ठेवावा, पहिल्या दिवशी खायला घालू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मासे मोजा, मग अमोनियाची चाचणी करा, आणि नळी पिवळी आली तरी पुढचा आठवडाभर रोज करत राहा.